घरच्या सोलरसाठी कोणती बॅटरी घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या गावांमधून बॅटरीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. आपल्याकडे बॅटरी बहुतेक वेळा दोनच कारणांनी मरते: मे महिन्यातली उष्णता आणि जुलै-ऑगस्टमधली अर्धवट चार्जिंग. कंपनी कोणती आणि स्टिकरवर एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

१. सोलर बसवतोय, म्हणजे बॅटरी घ्यावीच लागेल का?

नाही. घरात महावितरणची लाईन असेल आणि फक्त बिल कमी करायचं असेल तर ऑन-ग्रिड (लाईनला जोडलेलं) सोलर पुरतं, त्यात बॅटरी नसते. पण लाईन गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद पडतो, बाहेर कितीही ऊन असो. तारेवर चढलेल्या लाईनमनला तुमच्या पॅनेलची वीज लागू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. हे आधी कोणी सांगत नाही आणि पहिल्याच लोडशेडिंगला घरात भांडण होतं.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (१ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ किंवा जास्तला ७८,०००) ग्रिडला जोडलेल्या सोलरच्या क्षमतेवर मिळतं. हायब्रिड (लाईन आणि बॅटरी दोन्हीला जोडता येणारा) इन्व्हर्टर लावून बॅटरी जोडली तरी बॅटरीचा खर्च तुमचाच.

दिवसाला तास-दोन तासच लाईन जात असेल तर ऑन-ग्रिड सोलर आणि शेजारी साधा इन्व्हर्टर-बॅटरी, हा सर्वांत स्वस्त मार्ग. मेळघाटातल्या आतल्या गावात किंवा भामरागड-एटापल्लीकडे, जिथे लाईन दिवसदिवस येत नाही, तिथे ऑफ-ग्रिड (लाईनला न जोडलेलं) सोलर आणि मोठी बॅटरी याला पर्याय नाही.

२. बॅटरीवर १५० एएच लिहिलंय. म्हणजे नक्की किती वीज मिळते?

१५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॅट-तास, म्हणजे कागदावर १.८ युनिट. लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडची नेहमीची) बॅटरी रोज अर्ध्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणून हाती येतं साधारण ०.९ युनिट.

दुसरी मेख स्टिकरवरच्या 'सी१०' आणि 'सी२०' मध्ये आहे. सी२० म्हणजे बॅटरी २० तासांत सावकाश उतरवली तर १५० एएच मिळतात. सी१० म्हणजे १० तासांत उतरवली तरीही मिळतात. सी२० ची १५० एएच बॅटरी १० तासांच्या हिशेबाने साधारण १२०-१३० एएचच भरते. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बहुतेक सी२० वर विकल्या जातात, सोलरच्या सी१० वर. दोन दुकानांचे भाव ताडून पाहताना आधी हे अक्षर पाहा. सोलरसाठीच्या बॅटरीचं भारतीय मानक आयएस १६२७० आहे. तो क्रमांक बॅटरीवर किंवा माहितीपत्रकात असावा.

३. आमच्या घराला किती एएचची बॅटरी लागेल?

सूर्य मावळल्यावर काय काय आणि किती तास चालतं, त्याची यादी करा. एका साध्या घराचा हिशेब असा:

९ वॅटचे ४ बल्ब ५ तास = १८० वॅट-तास
३० वॅटचे २ बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ८ तास = ४८०
४५ वॅटचा टीव्ही ३ तास = १३५
मोबाईल चार्जर आणि राउटर मिळून १०० धरा

बेरीज ८९५. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून ०.८५ ने भागा: सुमारे १,०५०.

लेड-ॲसिड अर्धीच वापरायची, म्हणून दुप्पट करा, २,१००. त्याला १२ ने भागलं की १७५ एएच. बाजारात त्याच्या वरचा आकडा घ्या, म्हणजे २०० एएच. लिथियम ८० टक्के वापरता येते. १,०५० भागिले ०.८ म्हणजे १,३१०, भागिले १२.८ व्होल्ट म्हणजे साधारण १०० एएच. तिथे एक १०० एएचची बॅटरी जेमतेम पुरते.

आता याच घरात बीएलडीसीऐवजी ७५ वॅटचे जुने पंखे धरून बघा. बेरीज १,६१५ होते आणि लेड-ॲसिडची गरज ३१५ एएचच्या पुढे जाते. म्हणजे दोन पंखे बदलले की एक अख्खी बॅटरी वाचते. बॅटरीच्या दुकानाआधी पंख्याच्या दुकानात जा, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

फ्रिज असेल तर दिवसाला पाऊण ते एक युनिट वेगळं धरा. पाण्याची अर्धा एचपीची मोटर आणि मिक्सर बॅटरीच्या हिशेबात घेऊच नका. ती दुपारी, ऊन असताना किंवा लाईन असताना चालवा. मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते आणि छोटा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.

४. उन्हाळ्यात रात्री कूलर बॅटरीवर चालेल का?

चालेल, पण परवडणार नाही. पंपासह १८० वॅटचा कूलर ८ तास चालवला की १,४४० वॅट-तास. वरच्या घराच्या हिशेबात हे मिळवलं तर १७५ एएचवरून गरज ४५० एएचच्या पुढे जाते, म्हणजे १५० च्या तीन बॅटऱ्याही जेमतेम. शिवाय कूलर लागतो नेमका त्याच महिन्यांत, जेव्हा बॅटरी उष्णतेने आधीच थकलेली असते.

मध्यम मार्ग असा. दुपारी कूलर थेट सोलरवर चालवा, कारण तेव्हा पॅनेल भरपूर देतात. रात्री लाईन असेल तोवर लाईनवर, आणि लाईन गेल्यावर फक्त बीएलडीसी पंखा. रात्रभर कूलर हवाच असेल तर बीएलडीसी मोटरचा कूलर शोधा आणि यादीत त्याचा खरा वॅट धरा.

५. ट्युब्युलर घ्यावी, जेल की लिथियम?

गावातल्या घरासाठी खरी निवड दोनच: उंच ट्युब्युलर (नळीच्या आकाराच्या प्लेटांची) लेड-ॲसिड, किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट, जिला दुकानात 'एलएफपी' म्हणतात. 'मेंटेनन्स-फ्री' जेल किंवा सीलबंद लेड-ॲसिड आपल्याकडे घेऊ नका. उष्णतेने आतलं पाणी उडतं आणि वरून घालायची सोय नसते.

ट्युब्युलरच्या बाजूने: पहिला खर्च कमी, तालुक्याच्या कोणत्याही बॅटरीवाल्याला तिची ओळख, मेल्यावर शिशाचे पैसे परत. विरुद्ध: १५० एएचची एक बॅटरी ॲसिडसह ५० ते ६५ किलो भरते, पाणी घालावं लागतं, भरायला ७-८ तास लागतात, टाकलेल्या विजेतला साधारण पाचवा हिस्सा वाया जातो. आणि अर्धी भरलेली ठेवली की ती खराब होते.

लिथियमला यातलं बरंचसं लागू नाही. वजन चौथाई, चार्जिंगमध्ये पाच टक्क्यांच्या आसपासच वीज वाया, आणि मुख्य म्हणजे आठ-दहा दिवस अर्धीच भरली तरी तिचं काही बिघडत नाही. पावसाळ्यात हाच मोठा फायदा. पण आतलं बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) जळलं तर तालुक्याला दुरुस्ती होत नाही, बॅटरी कंपनीकडेच पाठवावी लागते.

पैशाचा हिशेब स्वतः करा. भाव बदलतात, पद्धत तीच राहते: किंमत भागिले आयुष्यभरात मिळणारे एकूण युनिट. मानू की १५० एएचची ट्युब्युलर १५,००० ला मिळाली आणि रोज ०.९ युनिट देत १,५०० वेळा उतरली. एकूण १,३५० युनिट, म्हणजे युनिटला ११ रुपये. १०० एएचची लिथियम २८,००० ला घेतली आणि ती रोज १ युनिट देत ३,००० वेळा चालली, तर युनिटला ९ रुपयांच्या आसपास.

पण हा हिशेब रोज रात्री बॅटरी उतरत असेल तरच खरा. आठवड्यातून दोनदा लाईन जाते अशा घरात लिथियमचे ३,००० फेरे कधी पुरेच होणार नाहीत. तिथे ट्युब्युलर घ्या. रोज रात्री बॅटरीवरच राहायचं असेल तर लिथियम. एक अपवाद: पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी मेकॅनिक किती दिवसांनी पोचेल याचा विचार आधी करा. एक मोठी लिथियम घेण्यापेक्षा दोन छोट्या घ्या, एक बंद पडली तरी दिवा राहतो.

६. लिथियम पेट घेते म्हणतात. आमच्याकडच्या उन्हात घरात ठेवावी का?

गाड्यांच्या आगीच्या बातम्यांत बहुतेक वेळा निकेल असलेल्या वेगळ्या जातीच्या लिथियम बॅटऱ्या असतात. एलएफपी त्या मानाने बरीच स्थिर. घरासाठी फक्त एलएफपीच घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. ओळखायची खूण: एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून बॅटरीवर १२.८, २५.६ किंवा ५१.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. ११.१ किंवा १४.८ दिसलं तर ती दुसरी जात.

उष्णता मात्र तिलाही नको असते. चार्जिंगची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४५ ते ५५ अंश दिलेली असते. त्यावर गेलं की बीएमएस चार्जिंग तोडतं. मे महिन्यात 'भर दुपारी लिथियम चार्ज होत नाही' अशा तक्रारी येतात, त्यातल्या बऱ्याच जागेच्या असतात. जागेसाठी पुढचा प्रश्न पाहा.

७. घरावर टिन आहे. बॅटरी कुठे ठेवू?

टिनाखालच्या माळ्यावर तर नाहीच. चंद्रपूर, अकोला, वर्धा इथे बाहेर ४५-४६ अंश असताना टिनाखाली त्याहून जास्त असतं. लेड-ॲसिडचा ढोबळ नियम असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं.

घरातली सर्वांत थंड भिंत उत्तरेची किंवा पूर्वेची. मातीच्या भिंतीची खोली असेल तर तीच उत्तम. बॅटरी जमिनीलगत, लाकडी पाटावर किंवा प्लॅस्टिकच्या ट्रॉलीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं मोकळी. दोन बॅटऱ्या एकमेकींना चिकटवू नका. पॅनेलखालची गच्ची सोयीची दिसते, पण ऊन आणि पावसाची झड दोन्ही तिथेच लागतात.

लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीचं काम. म्हणून चुलीची खोली, गॅसची शेगडी आणि देवघरातला दिवा यांपासून लांब, आणि खोलीला वरच्या बाजूला झरोका हवा. भाव वाढेपर्यंत कापूस घरात भरून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या खोलीत बॅटरी, इन्व्हर्टर किंवा त्यांचं साधं बोर्डसुद्धा नको. फवारणीची औषधं आणि डिझेलचा डबाही तिथे नको. झोपायच्या खोलीत लेड-ॲसिड ठेवू नका.

उंदीर वायर कुरतडतात. वायर पाइपातून न्या आणि पाइपाची तोंडं बुजवा.

८. बॅटरी नवी आहे, तरी पावसाळ्यात रात्री दहालाच बसते. का?

पॅनेल कमी आहेत. बॅटरी मोठी आणि पॅनेल छोटे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. विकणाऱ्याला बॅटरीत जास्त मिळतं, एवढंच त्याचं कारण.

प्रश्न ३ मधल्या घराला रात्री १,०५० वॅट-तास लागतात. लेड-ॲसिडमध्ये तेवढे भरायला पॅनेलकडून १,३०० हवेत. उन्हाळ्यात पुऱ्या उन्हाचे ५ ते ६ तास मिळतात, पावसाळ्यासाठी ४ धरा. धूळ, उष्णता, वायर यांत चौथाई जाते, उरतात ३. १,३०० भागिले ३ म्हणजे ४३० वॅटच्या पुढे, आणि दिवसा चालणारा पंखा-टीव्ही वेगळा. म्हणून या घराला ५०० ते ५५० वॅटचे पॅनेल हवेत. १५० वॅटचा एक पॅनेल लावून २०० एएचची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

अर्धवट भरलेल्या लेड-ॲसिडच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर जमून घट्ट होतो. ऑगस्टमध्ये हे होतं आणि दिवाळीला बॅटरी 'अचानक' बसते. लाईन असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा इन्व्हर्टरने लाईनवर पूर्ण भरून घ्या, झड असेल तेव्हा पंखा-टीव्हीचे तास कमी करा.

उलट टोकही टाळा. चार्जिंगचा करंट एएचच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावा: २०० एएचला २० अँपिअर, ३० पर्यंत चालेल. त्याहून जास्त पॅनेल असतील तर कंट्रोलरमध्ये (पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारं यंत्र) मर्यादा लावा.

जिनिंगजवळ किंवा कोळशाच्या रस्त्यालगत घर असेल तर पॅनेल आठवड्याला धुवा, सकाळी, काच थंड असताना.

९. पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी कंट्रोलरमध्ये बॅटरीच्या दृष्टीने काय फरक?

पीडब्ल्यूएम साधा असतो, पॅनेलचं जादा व्होल्टेज वाया घालवतो; एमपीपीटी ते वापरून घेतो. पॅनेलवर मागे 'व्हीओसी' (काही न जोडता पॅनेल देतो ते व्होल्टेज) वाचा. २२ व्होल्टच्या आसपास असेल (जुने ३६ सेलचे पॅनेल) तर १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएम चालतो. आजचे ५४० वॅटचे पॅनेल ४९-५० व्होल्टचे असतात. ते १२ व्होल्टला पीडब्ल्यूएमने जोडले तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. तिथे एमपीपीटीच.

कोणताही घ्या, तापमान पाहणारी तार असलेला घ्या आणि ती तार बॅटरीला चिकटवा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिडला २५ अंशांवर १४.४ व्होल्टपर्यंत भरतात. ४० अंशांवर तेच ०.३ ते ०.४ व्होल्टने कमी हवं. तार नसेल तर मे महिन्यात बॅटरी रोज उकळते आणि पाणी पिते.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम चुकला तर कंट्रोलर जळू शकतो.

१०. बॅटरीत कोणतं पाणी घालायचं? आरओचं चालेल का?

फक्त डिस्टिल वॉटर, बंद कॅनमधलं. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. बोअर-विहिरीचं तर बोलूच नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी एकदा घातलं तरी त्यातलं क्लोराइड प्लेटा खायला लागतं, आणि ते परत काढता येत नाही.

मार्च ते जूनमध्ये दर महिन्याला पातळी पाहा, इतर वेळी दोन-तीन महिन्यांनी. पाणी बॅटरी भरल्यावर घाला, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि आधी भरलेलं बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी घाला. ॲसिड पुन्हा कधीच घालायचं नसतं, मेकॅनिकने आग्रह केला तरी. बॅटरीवर सांडलेलं ॲसिड खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं सतत पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

११. बॅटरी भरली की नाही, आणि खराब झाली की काय, हे घरी कसं ओळखू?

इन्व्हर्टरच्या दिव्यांवर जाऊ नका. हायड्रोमीटर घ्या, स्वस्त मिळतो. आपल्याकडच्या ट्युब्युलरमध्ये पूर्ण भरल्यावर १.२४० च्या आसपास दिसायला हवं, अर्धी उतरल्यावर १.१८० च्या आसपास. गाडीच्या बॅटरीचा १.२८० चा आकडा इथे लागू नाही. तो पाहून बरेच जण चांगल्या बॅटरीला खराब ठरवतात.

सहाही कप्पे मोजा. सगळे सारखेच कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे: दोन दिवस लाईनवर पूर्ण भरा आणि पुन्हा मोजा. एकच कप्पा इतरांपेक्षा ०.०३० ने खाली आणि भरूनही वर येत नसेल तर तो सेल गेला, वॉरंटी काढा. पाणी घातल्या-घातल्या मोजू नका.

मीटर असेल तर भार आणि पॅनेल दोन्ही बंद करून तीन-चार तासांनी व्होल्ट पाहा. १२.५ ते १२.६ म्हणजे भरलेली, १२.१ ते १२.२ अर्धी, ११.९ च्या खाली रिकामी. लिथियमला ही पद्धत चालत नाही, तिचं व्होल्टेज बराच वेळ एकाच जागी राहतं. तिथे बीएमएसचं ॲप किंवा डिस्प्ले पाहा.

१२. ट्रॅक्टरची किंवा ई-रिक्षाची जुनी बॅटरी सोलरला लावली तर?

ट्रॅक्टरच्या बॅटरीत प्लेटा पातळ असतात. इंजिन सुरू करायला क्षणभर मोठा करंट द्यायचा, हे तिचं काम. रोज रात्री अर्धी उतरवली तर काही महिन्यांत बसते. ई-रिक्षाची जुनी बॅटरी तर आधीच पिळलेली असते. जुनी लिथियम पॅक आणून कोणी 'घरच्यासाठी जुळवून' देत असेल तर मुळीच घेऊ नका: सेल कोणत्या जातीचे, किती वापरलेले आणि बीएमएस आहे की नाही, यातलं काहीच कळत नाही.

१३. दोन वर्षं जुन्या बॅटरीला नवी जोडून क्षमता वाढवता येईल का?

लेड-ॲसिडमध्ये नाही. सिरीजमध्ये जोडली तर जुनी लवकर रिकामी होते आणि लवकर भरते, नवी कधीच पूर्ण भरत नाही. पॅरलल जोडली तर जुनी नवीतून वीज ओढत राहते. दोन्हीकडे वर्षभरात दोन्ही बॅटऱ्या जुन्या होतात. एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, एकाच महिन्यात घेतलेल्या बॅटऱ्याच जोडा. पुढे वाढवायचं ठरलेलं असेल तर पहिल्यापासून २४ व्होल्टची जोडी घ्या.

पॅरलल जोडावीच लागली तर इन्व्हर्टरची प्लस वायर पहिल्या बॅटरीला आणि मायनस शेवटच्या बॅटरीला द्या. दोन्ही वायर एकाच बॅटरीला दिल्या तर सगळं काम तिच्यावरच पडतं.

१४. जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून लिथियम लावता येईल का?

इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग असेल तर येईल. नसेल तर तीन गोष्टी पाहा. चार्जिंग १४.६ व्होल्टच्या वर जाता कामा नये, १४.२ ते १४.४ उत्तम. 'इक्वलायझेशन' बंद करता आलं पाहिजे, कारण त्यात व्होल्टेज १५ च्या वर नेतात आणि बीएमएस बॅटरी तोडून टाकतं. आणि इन्व्हर्टरचा ओढायचा करंट बीएमएसच्या मर्यादेत हवा. १०० अँपिअरच्या बीएमएसवर १२ व्होल्टचा १,५०० वॅटचा भार टाकला की घर अंधारात.

१५. वायर आणि फ्यूज किती जाडीचे?

१२ व्होल्टवर ७५० वॅट म्हणजे साधारण ७३ अँपिअर. यासाठी किमान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दीड मीटरच्या आत. हीच वायर पाच मीटर लांब नेली तर जवळजवळ ०.८ व्होल्ट वायरमध्येच जातात आणि बॅटरी भरलेली असून इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून शिटी मारतो. १,००० वॅटच्या वर भार असेल तर २४ व्होल्टवर जा, करंट निम्मा होतो.

१०० अँपिअरचा डीसी फ्यूज प्लस टर्मिनलजवळच. घरातला नेहमीचा एसी एमसीबी इथे लावू नका, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. टर्मिनलवर व्हॅसलीन लावा, लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) दाबून बसवलेले हवेत, वायर पिळून नको. विजा पडतात त्या भागात पॅनेलच्या बाजूला सर्ज प्रोटेक्टर आणि वेगळं अर्थिंग घ्या. लिथियमच्या बीएमएससाठी तर हे आवश्यकच.

१६. दुकानात घेताना काय तपासू?

बनवल्याची तारीख. सहा महिन्यांपेक्षा जुनी लेड-ॲसिड, आणि तीही उन्हाळा गोदामात काढलेली, घेऊ नका. मीटर लावा: १२.४ च्या खाली असेल तर आधी भरून दाखवायला सांगा. '३६+२४' वॉरंटीचा अर्थ पहिले ३६ महिने मोफत बदल, नंतरचे २४ महिने नव्या बॅटरीवर फक्त सूट, म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना पहिल्या आकड्यावर करा. कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीवरचाच सिरीयल क्रमांक आहे ना, हे तिथेच पाहा. लिथियम असेल तर सेवा केंद्र नागपूरला आहे की थेट दुसऱ्या राज्यात, हेही विचारा.

१७. शेतातलं झटका मशीन (जनावरांसाठी कुंपणाला झटके देणारं) घरच्या बॅटरीवरून चालवू का?

घर शेतातच असलं तरी त्याला वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी आणि छोटा पॅनेल द्या. खरा घोटाळा २४ व्होल्टच्या जोडीत होतो. तिथे दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले की ती रोज थोडी जास्त उतरते, पण दोघी भरतात एकत्र. काही महिन्यांत ती एक मरते आणि दोष कंपनीला जातो. हेच १२ व्होल्टचा बल्ब किंवा फवारणी पंपाचा चार्जर लावतानाही.

रोही-रानडुकरांसाठी कुंपणाला थेट लाईनची वीज सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात.

१८. सरकारी सौर पंपाचे पॅनेल दिवसभर रिकामे असतात. त्यावरून घरची बॅटरी चार्ज करू का?

'मागेल त्याला सौर कृषी पंप' किंवा आधीच्या योजनांतल्या पंपाला बॅटरी नसते. पॅनेल सिरीजमध्ये जोडलेले असतात आणि व्होल्टेज काही शेंवर जातं. घरचा १२-२४ व्होल्टचा कंट्रोलर त्याला जोडला तर जळतो, आणि एवढ्या डीसीचा धक्का जिवावर बेतू शकतो. मध्येच दोन पॅनेल तोडून घेतले तर पंप नीट चालत नाही आणि पाच वर्षांची हमी अडचणीत येते. यासाठी बनवलेले बहुउपयोगी कंट्रोलर असतात. ते पुरवठादार कंपनीकडूनच, लेखी परवानगीने लावा.

१९. दोन-तीन महिने घर बंद ठेवून बाहेरगावी जायचंय. बॅटरीचं काय करू?

ट्युब्युलर: पाणी पातळीपर्यंत भरा, घरातला सगळा भार बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा, पण पॅनेल आणि कंट्रोलर जोडलेलेच ठेवा. ती रोज थोडी भरत राहील. पॅनेल काढून ठेवली तर उष्णतेत ती आपोआप उतरते आणि परत येईपर्यंत सल्फेट धरलेलं असतं. लिथियम: उलट. ५०-६० टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करा, पूर्ण भरलेली उन्हाळाभर ठेवू नका.

२०. बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा वास येतोय आणि कड फुगलीय. काय करू?

चार्जिंग जास्त होतंय किंवा एक सेल आतून शॉर्ट झालाय. दारं-खिडक्या उघडा, खोलीत दिवा-पंख्याचं बटण दाबू नका, काडी-बिडी लांब. पॅनेलचं ब्रेकर बंद करा, लाईनचं चार्जिंग मेन स्विचवरून तोडा. गरम असेल तर हात लावू नका, काही तास थंड होऊ द्या, मग वायरमनकडून काढून घ्या. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरात येत नाही. लिथियम फुगली असेल तर ती अंगणात, घरापासून आणि चाऱ्याच्या गंजीपासून लांब ठेवा.

२१. मेलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ का?

नवी घेताना दुकानदारालाच परत द्या आणि बिलात तिची वजावट दाखवून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला देणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. लेड-ॲसिडला वजनावर चांगले पैसे मिळतात, म्हणून दोन ठिकाणी भाव विचारा. ॲसिड ओतून रिकामी करून आणा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका: ते ॲसिड आणि त्यातलं शिसं तुमच्याच विहिरीत उतरतं. लिथियमला सध्या भंगारात फारसा भाव नाही, ती कंपनीच्या सेवा केंद्रात जमा करून पावती घ्या.